अंडी न देणारी कोंबडी

इंदूर, ९ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. ग्वाल्हेरच्या नव्या घरामागे एवढी मोकळी जागा मिळाली हे ऐकून आईला फार बरं वाटलं. तिने लगेच विचारलं, कढीलिंब लावला का म्हणून.

तू विचारलंस, त्या जागेत पाच-सहा कोंबड्या पाळू, की सरळ फार्मवरून अंड्यांचे ट्रे आणत जाऊ? फोनवर मी विषय टाळला, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. माझ्या कोंबड्यांना आता तीन वर्षं होतील. जे चुकलं तेही सगळं लिहितो, म्हणजे तुझ्याकडून तसं होणार नाही.

आधी पैशांचं बोलून मोकळा होतो. माझ्याकडे सहाजणी आहेत, दोन कडकनाथ आणि चार गावठी क्रॉस. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सगळ्यांचं महिन्याला २० किलो. मला ते किलोला ३२ रुपयांनी पडतं, झाले ६४० रुपये. चांगल्या वर्षात महिन्याला सरासरी ८० अंडी निघाली. म्हणजे नुसत्या खाद्याचेच अंड्यामागे ८ रुपये, आणि यात खुराडं, जाळी, लस, शिंपल्यांचा चुरा धरलेलाच नाही. फार्मवरची पांढरी लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठीची कोंबडी, वर्षाला ३०० च्या वर अंडी देते. तिला एका अंड्यामागे सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम खाद्य पुरतं, माझ्याकडे अडीचशे लागतं. पैसे वाचतील म्हणून पाळणार असशील तर पाळू नकोस.

घरातल्या उरल्यासुरल्यावर भागेल, असं वहिनी म्हणतात ना? आम्हीही तेच धरून चाललो होतो. शिळी पोळी, भात, मेथीची देठं, वर मूठभर मका. कोंबड्या खूश होत्या, पण अंडी कमी झाली. एका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. त्यात आपला माळव्यातला मे महिना. एका दुपारी खुराड्यात हात घातला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं तर बिनकवचाचं अंडं. नुसता पडदा, कोमट, तळहातावर पसरट होत होतं, आणि उजेडात धरलं तर आतला बलक हलताना दिसत होता. घालणारी कोंबडी कोपऱ्यात चोच उघडी टाकून धापा टाकत होती. कोंबडीला घाम येत नाही, ती धाप टाकूनच अंग थंड करते. त्या धापेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच बनायला जे लागतं तेच कमी पडतं. हे मला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांनी नीट समजावलं. तेव्हापासून लेयरचं तयार खाद्य, वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा, आणि उन्हाळ्यात पत्र्यावर ओली गोणपाटं. भाजीची देठं अजूनही देतो, पण जेवण म्हणून नाही, तोंडी लावणं म्हणून.

चवीचं आणि रंगाचं फार मनावर घेऊ नकोस. कवच पांढरं की तपकिरी हे जातीवर ठरतं, बलक किती पिवळा हे मका आणि हिरव्या पाल्यावर. कडकनाथचं अंडंही काळं नसतं रे, फिकट बदामी असतं. इथे काळं अंडं बघायला म्हणून शेजारची मुलं आली होती, हिरमुसून गेली. आणि कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, त्यामुळे तो आणूच नकोस. पहाटे चारला आरवायला लागला की कॉलनीतलं कोणीच तुझ्याशी बोलणार नाही.

आता जे लिहायला जड जातं ते. दुसऱ्या वर्षी माघात आम्ही देवासला लग्नाला गेलो होतो. सहाला परतायचं ते साडेनऊ झाले. कोंबड्या अंधार पडला की आपापल्या आत जाऊन बसतात, पण दाराची कडी त्यांना लावता येत नाही. मुंगूस आत शिरला होता. दोघी गेल्या. खाल्ल्या नव्हत्याच, नुसत्या मानेशी धरून टाकल्या होत्या. उरलेल्या चौघी सर्वांत वरच्या काठीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, टॉर्च मारला तरी हलल्या नाहीत. दोघींना परसातल्या पेरूखाली पुरलं. पुढचे बारा-तेरा दिवस एकही अंडं मिळालं नाही. नंतर दोन नव्या आणल्या, पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्या जनावरांनी काही केलं नव्हतं, आम्ही जेवणाच्या पंगतीत गप्पा मारत बसलो होतो. तेव्हापासून दिवेलागणीला आमच्यातलं कोणीतरी घरी असतंच. उज्जैनला जायचं तरी आधी ते ठरतं.

आजारांचंही आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस द्यावीच लागते, पण ती शंभर डोसच्या बाटलीत मिळते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ९४ डोस फेकायचे म्हणजे जिवावर येतं. म्हणून मी दूधवाल्याच्या गावातल्या लोकांबरोबर एकाच दिवशी लस देतो. आणि २०२० चा डिसेंबर आठवतो ना? इथे डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला. कोंबड्यांमध्ये तो रोग निघाला तर त्या जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले सगळे पाळलेले पक्षी मारावे लागतात. त्यात फार्म आणि परसातलं खुराडं असा फरक करत नाहीत. माझ्याकडे तेव्हा कोंबड्या नव्हत्या. आज आवारात कावळा मेलेला दिसला तरी पोटात गोळा येतो.

फार्मबद्दल मी ऐकीव लिहिणार नाही, जाऊन पाहिलं आहे. महूच्या बाजूला एक मध्यम फार्म आहे, मालकाने दोन तास फिरवलं. तीन मजली पिंजरे, तळाची जाळी उतरती, अंडं घातलं की घरंगळत पुढच्या पन्हळीत येतं, विष्ठेला लागत नाही. त्यामुळे अंडं खरोखर स्वच्छ निघतं, माझ्या खुराड्यातल्यापेक्षा जास्त. किती मेल्या, किती खाद्य गेलं, सगळं रोज वहीत लिहिलेलं. मालक मन लावून काम करणारा माणूस आहे. पण एकेका कोंबडीच्या वाट्याला ए-४ कागदाएवढीसुद्धा जागा नव्हती. पंख पसरता येत नव्हते, माती उकरायला मिळत नव्हती, चोची पुढून कापलेल्या. मी घरी आलो तेव्हा आमच्या कोंबड्या पेरूखाली खड्डे करून धुळीत लोळत होत्या. ते बघत मी बराच वेळ नुसता उभा होतो.

मालकाला मी विचारलं, अंडी कमी झाली की यांचं काय होतं? ऐंशीएक आठवड्यांनी गाडी येते, तो म्हणाला. तो शांतपणे म्हणाला, आणि मला त्याचा राग आला नाही, कारण तोच प्रश्न माझ्या परसात उभा होता.

राखी म्हणून आमची करड्या रंगाची कोंबडी आहे, पहिल्या खेपेतली. मागच्या दसऱ्यापासून तिने एकही अंडं दिलेलं नाही. खाते मात्र तेवढंच. कोंबडी दोन वर्षं जोमाने अंडी देते, पुढे दरवर्षी कमी कमी, आणि जगते सहज सात-आठ वर्षं. अंड्याचा हिशेब सगळे करतात, त्या पुढच्या पाच वर्षांचा कोणी करत नाही. मीही केला नव्हता. ही म्हणाली, एवढ्यांचं करणं होत नाही, कोणाला तरी देऊन टाका. देऊन टाकणं म्हणजे काय हे तिलाही माहीत होतं, मलाही. आई अंडं खात नाही, आयुष्यात कधी खाल्लं नाही, पण रोज दुपारी तांदूळ निवडायला परसात बसते आणि कण्या राखीसमोर टाकते. ती एवढंच म्हणाली, "मीही आता घरात काही कमावून आणत नाही." त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. राखी राहिली.

म्हातारी कोंबडी कापून खाणारी घरं आहेत, पिढ्यानपिढ्या आहेत, त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. मला ते जमलं नाही, एवढंच. तुला जमणार असेल तर सहा ठेव. जमणार नसेल तर तीन आणून थांब, म्हणजे पुढे नव्या दोन-तीन आल्या तरी म्हाताऱ्यांना जागा उरेल. तिघींत तुमच्या दोघांपुरती अंडी होतात, थंडीत आणि पिसं गळतात तेव्हा विकत आणायची. आम्हीही आणतोच. फक्त उघड्यावर उन्हात मांडलेल्या ट्रेमधली घेऊ नकोस, फार्मवर चांगलं असलेलं अंडं दुकानात बिघडतं. घरी आणून पाण्यात टाकून बघ. ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून दे.

आणि दोघांनाही नोकरीवरून यायला आठ वाजत असतील, तर तूर्त कोंबड्या नकोत रे. फार्मवरूनच आण, पण एकदा स्वतः जाऊन फार्म बघून ये. संध्याकाळी घरी कोण असतं, ते वहिनींना विचारून मला कळव. मग पुढचं बोलू.

आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझा,
दिन्या

ता. क. ठरलंच, तर पिल्लं आणू नकोस. पहिले काही आठवडे त्यांना बल्बची ऊब द्यावी लागते, आणि तुमच्याकडे रात्री वीज जाते असं तूच लिहिलं आहेस. साडेचार-पाच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायला आलेल्या तरण्या कोंबड्या, घे, लस दिल्याचं विचारून. खुराड्याला कोंबड्यांची पातळ जाळी नको, मुंगूस ती सहज वाकवतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली घे आणि खाली फूटभर जमिनीत पूर.