मिकूची गाणी ऐकवणाऱ्या भाचीला, पेटीवाल्या मामाकडून

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दामच लिहीत नाही, उगाच तुझ्या मैत्रिणींत चर्चा नको. पण पत्र उघडच लिहितोय. घरात आभार मानले असते तर ‘मामा, काहीतरीच काय!’ म्हणून तू उडवून लावलं असतंस.

आभार मिकूच्या, म्हणजे संगणकात बनवलेल्या त्या जपानी गाणाऱ्या आवाजाच्या, गाण्यांचे आहेतच, पण त्याहून जास्त तू दिलेल्या वहीचे. गाण्यांच्या लिंक काय, कुणीही पाठवतं. तू एका ओळीत जपानी शब्द देवनागरीत लिहिलेस, खाली मराठी अर्थ दिलास, आणि समासात तुझे शेरे: ‘इथे ती श्वासच घेत नाही, ऐक.’ पहिल्या पानावर जपानी अक्षरांचा तक्ता. आधी अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला, हेही तू बारीक अक्षरात लिहून ठेवलंस. पुण्यात जपानी शिकणारी मुलं खूप आहेत, पण मामासाठी एवढं हस्ताक्षर झिजवणारी मला तरी तू एकच माहीत आहे.

मला खरी उत्सुकता होती ती हा आवाज गातो कसा याची. दिवाळीच्या सुट्टीत तू लॅपटॉप पेटीवरच ठेवलास (भात्यावर नाही ठेवलास, हेही उपकार). पडद्यावर डावीकडे उभी पेटीची पट्टी, समोर चौकटी. एक आडवी कांडी म्हणजे एक स्वर, आणि कांडीवर लिहायचं एक अक्षर. तू ‘क’ लिहिलंस, ‘नो’ लिहिलंस, वाजवलंस. सूर अगदी जागेवर, आणि अगदी निर्जीव. मग दुसऱ्या स्वराच्या सुरुवातीची रेघ तू माउसने थोडी खाली ओढलीस, म्हणजे आवाज खालून वर चढत सुरावर येऊन बसला. शेवटच्या अर्ध्या भागात आंदोलन घातलंस. आधी श्वासाचा वेगळा तुकडा जोडलास. तीन-चार सेकंदांच्या त्या तुकड्यासाठी चहा निवला, तुझी आजी दोनदा हाका मारून गेली. पण शेवटी जे वाजलं त्यात गाणारी बाई ऐकू आली.

आम्हा पेटीवाल्यांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मिळत नाही. शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, म्हणजे कणस्वर, लावून तिचा नुसता भास आणायचा. त्यापायी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हा ‘हा खरा आवाज नव्हे’ हे वाक्य आमच्या घराण्याने पुष्कळ ऐकलंय. तुझ्या मिकूला लोक तेच म्हणतात, म्हणून मला तिच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी.

आणि यामाहाची गोष्ट! मिकू ज्यावर गाते ते हे व्होकलॉइड तंत्र, म्हणजे स्वर आणि शब्द लिहून दिले की संगणकाने गाऊन दाखवायचं, यामाहाचं, २००० साली बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर सुरू झालेल्या संशोधनातून आलेलं. आणि यामाहा ही कंपनी उभी राहिली ती कशावरून? १८८७ मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन तोराकुसु यामाहा यांनी दुरुस्त केला, तिथून. म्हणजे आमच्या पेटीचाच चुलता. हे तू सांगितल्यावर मी शेजारच्या तबलजींना रात्रीच फोन केला. त्यांनी फक्त ‘हं’ केलं, पण तबलजींकडून तेवढं पुष्कळ.

हात्सुने मिकू साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ ला बाजारात आणली. साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीने म्हटलेल्या अक्षरांच्या तुकड्यांतून तो आवाज तयार केला. जपानीत बहुतेक अक्षरं स्वरान्त, त्यामुळे एका पट्टीसाठी सुमारे ५०० जोडतुकडे, म्हणजे एका ध्वनीतून दुसऱ्यात जाणारे तुकडे, पुरतात. इंग्रजीला २५०० च्या आसपास लागतात. मराठीला किती लागतील, हा प्रश्न मी विचारला आणि तू ‘जोडाक्षरं मोजत बसा’ म्हणालीस.

पण तू मला शिकवलंस ते हे, की गाण्यावर मिकूचं नाव असलं तरी वाजवणारा कोण ते आधी बघायचं. तिकडे त्यांना ‘पी’, म्हणजे प्रोड्यूसर, म्हणतात. घरात बसलेली पोरं. चाल, शब्द, स्वरांची ओढाताण सगळं स्वतः करणारी. रियो नावाच्या मुलाचं ‘मेल्ट’ डिसेंबर २००७ चं. तोवर बरीच गाणी मिकू स्वतः कोण आहे याबद्दलची होती; हे मात्र छत्रीत आवडत्या मुलाबरोबर चालणाऱ्या साध्या मुलीचं. मग ते लोकांनी स्वतःच्या आवाजात गाऊन इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, इतकं की तिथल्या क्रमवारीत तेच गाणं पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. हाची नावाने गाणी करणारा मुलगा पुढे केन्शी योनेझु म्हणून जपानभर गाजला. मिकूचं ‘सेनबोनझाकुरा’ तर २०१५ च्या शेवटी वर्षअखेरच्या त्या मोठ्या टीव्ही कार्यक्रमात साचिको कोबायाशी या ज्येष्ठ एन्का (जुन्या वळणाची जपानी भावगीतं) गायिकेने गायलं. वाद्यासाठी बांधलेली चाल माणसाच्या गळ्यात जाऊन बसली! आपल्याकडे वाद्य गळ्याची नक्कल करतं, गायकी अंगाने वाजवतं. तिकडे उलटा प्रवास झालाय, आणि मला ते फार आवडलं.

वोवाका या आणखी एका ‘पी’चं वहीतलं पान वेगळं. त्याच्या चाली इतक्या झपाझप जातात की माझी बोटं अडखळतात. ‘रोलिंग गर्ल’ पेटीवर निम्म्या लयीतच येतं. एप्रिल २०१९ मध्ये तो गेला, वय ३१. त्या पानावर तू शेरा लिहिला नाहीस, फक्त साल लिहिलंस.

सगळंच आवडलं असं नाही, हेही सांगून टाकतो. काही गाण्यांत तबलजीला बाहेर बसवून लोहाराला आत घेतल्यासारखा ठोका असतो. आणि ते स्टेजवरचे कार्यक्रम, पारदर्शक पडद्यावर मिकू नाचतेय आणि खाली हजारो दिवे हलताहेत, त्यात माझी नजर मागे वाजवणाऱ्या खऱ्या माणसांवर. त्यांच्यावर उजेड जरा जास्त टाका म्हणावं.

बाकी, पुढच्या खेपेला काइतोची, त्या व्होकलॉइडच्या पुरुष आवाजाची, गाणी घेऊन ये. २००६ मध्ये तो आला तेव्हा फारसा खपला नाही म्हणतात, पण पुरुषाचा आवाज मला धरायला सोपा. पट्टी काळी एक ठेव, आणि निघण्याआधी फोन कर. भात्याला भोक पडलंय, तोवर दुरुस्त करून आणतो.

तुझा,
मामा