आधी पाच व्होल्ट बघ

सोलापूर,
रविवार

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. आतला बोर्ड काढून तिथे नवा तयार बोर्ड बसवायचं म्हणतेस, ते तूर्त थांबव. लाल दिवा लागतो, पडदा बहुतेक वेळा करडा राहतो आणि एखाद्या कॅसेटला संगीत नीट वाजतं पण चित्र विस्कटतं, असं तू लिहिलंस. त्यातल्या संगीताच्या गोष्टीवरून मला खात्री वाटते की हा व्हिडिओ गेम अजून जिवंत आहे. फोनवर हे सगळं सांगून होत नाही म्हणून लिहायला बसलोय. बोर्ड समोर ठेवून वाच.

कॅसेटमध्ये दोन वेगळ्या मेमरी असतात. एकीत खेळाचा प्रोग्राम, तो प्रोसेसर वाचतो. दुसरीत चित्रं, ती चित्राची चिप वाचते. दोघींच्या तारा स्लॉटमधून वेगवेगळ्या जातात. आवाज प्रोसेसरच्याच चिपमध्ये तयार होतो. तेव्हा संगीत न अडखळता वाजत असेल, तर त्या क्षणी प्रोसेसर चालू आहे, त्याला प्रोग्राम मिळतोय आणि क्रिस्टलही ठोके देतोय. बिघाड चित्राच्या बाजूला आहे, आणि बहुधा स्लॉटच्या पिनांपाशी. असं असताना पूर्ण बोर्ड फेकायचा कशाला?

मूळ यंत्र निन्टेंडोचं फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा यांनी ते तयार केलं, १९८३ च्या जुलैत जपानात आलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या त्याच्या नकला. नंतरच्या नकलांमध्ये सगळं सर्किट एका काळ्या थेंबाखाली झाकलेलं असतं, तो थेंब गेला की विषय संपतो. आपल्या बोर्डावर प्रोसेसर वेगळा, चित्राची चिप वेगळी आणि दोघांची दोन-दोन किलोबाइटची रॅमही वेगळी. असा बोर्ड आता सहज मिळत नाही. क्रिस्टलवर २६.६०१७ लिहिलेलं दिसतंय बघ. आपल्या रंगीत टीव्हीतला ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मी आयुष्यभर बदलत आलो, त्याच्या बरोबर सहापट हा आकडा. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीचा रंग त्यातूनच काढलाय. नक्कल करणाऱ्यांनी आपल्या टीव्हीचा हिशेब किती नेटका बसवला होता, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता काम. सुरुवात अडॅप्टरपासूनच करायची, कितीही कंटाळा आला तरी. मूळ फॅमिकॉमला पिनच्या आतल्या बाजूला उणे लागतं, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरना आत अधिक असतं. नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून दुसऱ्याचं ऐकून काही जोडू नकोस. मीटर कंटिन्युइटीवर ठेव, एक टोक रेग्युलेटरच्या धातूच्या पट्टीला लाव (ती ग्राउंड असते), दुसरं जॅकच्या आतल्या पिनेला. वीज न जोडता. बीप आली तर आत उणे. जॅकजवळ चार डायोडांचा ब्रिज असेल तर उलटसुलट चालतं, नसेल तर उलटं लावल्यावर चिपा जाऊ शकतात.

मग ७८०५, म्हणजे पाच व्होल्ट देणारा तोच रेग्युलेटर. अक्षरं आपल्याकडे केली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. आउटपुटला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, आणि कॅसेट लावून, यंत्र चालू असतानाच मोज. इनपुट निदान सात-साडेसात राहिला पाहिजे, नाहीतर त्याला पाच धरून ठेवता येत नाहीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असतं आणि लोड नसताना मीटर १२-१३ दाखवतो, त्याने घाबरू नकोस. यंत्र चालू केल्यावर तो किती खाली येतो ते महत्त्वाचं.

त्यानंतर फिल्टरचा मोठा कंडेन्सर, विजेतले हेलकावे सपाट करणारा. हा बोर्ड कित्येक उन्हाळे आपल्या पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होता. सोलापूरचा मे महिना तुला माहीत आहे, चाळीसच्या वर पारा, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आतलं द्रव सुकतं, बाहेरून मात्र तो ठणठणीत दिसतो. पडद्यावर दोन अंधुक आडवे पट्टे हळूहळू सरकताना दिसले तर तो सुकलाय असं धर. ब्रिजमधून गेलेल्या विजेत सेकंदाला १०० हेलकावे, टीव्हीवर सेकंदाला साधारण ५० वेळा चित्र, म्हणून पट्टे दोन. एकच डायोड असेल तर पट्टा एक. नवा लावताना पांढऱ्या रेघेची बाजू उणे, आणि व्होल्ट आधीच्याएवढे किंवा जास्त.

माझा खरा संशय मात्र स्लॉटवर आहे. तेव्हा आपण पूर्व भागात राहायचो, खालीच टॉवेलचे माग. सुताचे बारीक तंतू घरात सगळीकडे असायचे, डब्याच्या झाकणातसुद्धा. स्लॉटच्या साठ पिनांमध्ये ते बसलेच असणार, त्यात कॅसेटमध्ये फुंकर मारायची सगळ्यांची सवय. फुंकरेतला ओलावा पिनांवर साचतो आणि त्या गंजतात. टॉर्च मारून पाहा, मऊ ब्रशने तंतू काढ, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू दे. कॅसेटची पट्टी कापसाने पूस, डाग राहिले तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरव. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो.

एवढ्यानेही चित्र विस्कटलेलंच राहिलं तर बोर्ड उलटा कर आणि स्लॉटचे टाके भिंगाखाली बघ. पिनभोवती गोल बारीक भेग दिसली की ते ड्राय सोल्डर. कॅसेट जोराने दाबून हेच होतं. पंचवीस वॅटचं आयर्न, थोडा फ्लक्स, जुन्या टाक्याला ताजं सोल्डर, दोन-तीन सेकंदांत हात बाजूला. सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडकी उघडी ठेव आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस.

आणखी एक. खोलीवरच्या नव्या टीव्हीत ‘सिग्नल नाही’ आलं म्हणून खचू नकोस. हे यंत्र जुन्या पिक्चर ट्यूबसाठी ३१२ रेषांचं साधं चित्र पाठवतं, काही नवे टीव्ही ते ओळखतच नाहीत. पिवळ्या पिनेने जोड, आणि दुसऱ्या टीव्हीवरही बघ. बदकं मारायची बंदूक तर नव्या पडद्यावर चालणारच नाही, तिला ट्यूबच लागते. तो बिघाड समजू नकोस.

सुटे भाग तुला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. पण आधी मोज, मग जा. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक बदलानंतर चालू करून बघ, नाहीतर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

७८०५ चा इनपुट, आउटपुट आणि स्लॉटच्या टाक्यांचा जवळून फोटो, एवढं मला पाठव. रॅमकडे आपण त्यानंतरच वळू. आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी शेजारच्या काकांबरोबर दिली आहे, ते बुधवारी पुण्यात येतील. फोन रात्री नऊनंतर कर, मीटर हाताशी ठेवून.

तुझे,
बाबा