सांगाड्याच्या दातांवरचे कीटण घासून टाकू नका

महोदय,

उत्खननात कवटी निघाली की माती झाडता झाडता दातही ब्रशने घासले जातात. फोटोत ते उठून दिसतात, संग्रहालयाच्या पेटीत नीटनेटके वाटतात. त्या घासण्यात पिवळट-करडे कीटण निघून जाते, आणि त्याबरोबर त्या माणसाच्या तोंडातले जीवाणू, अन्नाचे कण, त्याच्या स्वतःच्या पेशींचे अंश आणि क्वचित विषाणूंचे तुकडेही. उत्तर गुजरातेत लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी 1940च्या दशकात उत्खनन केले आणि तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी केला. कीटणातून डीएनए वाचता येईल हे त्या काळी कुणाला ठाऊक असणार? आज मात्र ते घासून टाकायला काही सबब उरलेली नाही.

दातांवरच्या चिकट थरात लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट साचले की काही दिवसांतच तो दगडासारखा होऊ लागतो; हेच कीटण. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे कीटण सर्वांत जाड सापडते: खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. नमुन्यासाठी आधी तिथेच पाहावे.

दात धुऊ नये, आणि हाडे टिकावीत म्हणून लावतात तो लेप नमुना घेण्याआधी दातांवर चढवू नये. कोणत्या दाताची कोणती बाजू ते लिहून फोटो काढावा. मास्क आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून, स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलवर, हाताने चालवायच्या स्केलरने (दात खरवडण्याच्या हत्याराने) कीटण सोडवावे. प्रत्येक दातासाठी हत्यार बदलावे. दवाखान्यातले पाण्याच्या फवाऱ्याचे स्केलिंग मशीन इथे चालत नाही, कारण कीटणाचा भुगा पाण्याबरोबर वाहून जातो. 5 ते 20 मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त तांदळाच्या एका दाण्याएवढे, पुरते. ते निर्जंतुक नळीत कोरडेच ठेवावे. शेजारची चिमूटभर मातीही वेगळ्या नळीत घ्यावी. मातीतले जीवाणू कोणते आणि तोंडातले कोणते, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशाने आणि सौम्य ब्लीचने बाहेरचा थर साफ करतात, मग ईडीटीए या रसायनाच्या 0.5 मोलर द्रावणात कीटण विरघळवतात. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते आणि अडकलेला डीएनए सुटतो. नमुना न घातलेली एक नळीही सर्व पायऱ्यांतून न्यावी लागते. तिच्यात जे सापडेल ते प्रयोगशाळेतले प्रदूषण. डीएनए खरोखर जुना असेल तर त्याचे तुकडे आखूड असतात आणि टोकांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनच्या जागी थायमिन वाचले जाते.

बातम्यांत एक घोटाळा नेहमी होतो. 2018 मध्ये हेपॅटायटिस बी आणि 2020 मध्ये देवीचा विषाणू प्राचीन अवशेषांत सापडले, पण ते दात व हाडांच्या आतून मिळाले, कीटणातून नव्हे. दाताच्या आत रक्त खेळत असते, म्हणून रक्तात पसरलेला संसर्ग तिथे शोधतात. कीटण लाळेत घडते, तेव्हा लाळेतून बाहेर पडणाऱ्या विषाणूंची आशा तिथे अधिक. तरीही त्यात जे विषाणू मिळतात ते बहुतेक जीवाणूंनाच ग्रासणारे असतात. माणसाला आजारी पाडणाऱ्यांचे तुकडे हाताच्या बोटांवर मोजावे इतके.

आरएनए विषाणूंची, म्हणजे ज्यांची जनुके डीएनएऐवजी आरएनएची असतात त्यांची, गोष्ट आणखी अवघड. आरएनए पाण्याने आणि आपल्या त्वचेवरच्या विकरांनी (एन्झाइमांनी) झपाट्याने तुटतो. हयात माणसांच्या कीटणात करोनाचा आरएनए मिळू शकतो, हे इटलीतील ट्रिएस्टच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले. एवढ्यावरून हजार वर्षांपूर्वीचा फ्लू ओळखता येईल असे समजू नये. आणि कीटणात विषाणू मिळाला नाही म्हणजे संसर्ग झालाच नव्हता, असेही ठरत नाही. जुने कीटण तुटून पडते, नवे चढते.

गुजरातेतल्या संग्रहालयांना आणि उत्खनन करणाऱ्या विभागांना आमची विनंती आहे. ज्या पेट्यांतले जबडे अजून धुतलेले नाहीत त्यांवर तशी चिठ्ठी लावा, आणि साफसफाई करावीच लागली तर खालच्या जबड्याची निदान एक बाजू हात न लावता ठेवा.

– दंतवैद्यक व पुरातत्त्वाचे दोन अभ्यासक, दांडिया बाजार, बडोदे