शेत विकताना समाधीची जागा कागदावर आणा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आम्ही लिंगायत. आमच्यात दहन नसतं, माणसाला बसवून माती देतात, हातात इष्टलिंग, अंगाला विभूती, बेलाची पानं. बऱ्याच गावात आता समाजाची रुद्रभूमी, म्हणजे माती द्यायची वेगळी जागा आहे पण आमच्या निलंग्याकडं कित्येक घरांची माती अजून स्वतःच्या शेतातच होते, आमच्या आई-अप्पांची पण तिथंच झाली, लिंबाखाली, बांधाला लागून.

2005 च्या कायद्यानं लेकीला भावाएवढाच हिस्सा आहे, पण मला तो नको होता म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून दिली, त्याचं आजही काही वाटत नाही. पण त्या कागदात गट नंबर होता, क्षेत्र होतं, समाधीचं एक अक्षर नव्हतं आणि मलाही तेव्हा सुचलं नाही. पुढं भावाला दवाखान्यापायी शेत विकावं लागलं. खरेदीखत मी नंतर वाचलं, चतुःसीमा, बोअर, विहिरीतली पाळी सगळं लिहिलेलं, आणि ते नेहमीचं वाक्य, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेपासह. पाषाणासह! म्हणजे आईच्या समाधीवरची पिंड कोरलेली शिळासुद्धा विकली गेली की.

यंदा शिवरात्रीला गेले तर तुरीचं रान नांगरलेलं, नांगराचं तास पार समाधीच्या कट्ट्याला टेकलेलं, एक कोपरा निखळून ढेकळात पडला होता आणि दिव्याचा कोनाडा मातीनं भरलेला. हातानं उकरून दिवा लावला. घेणाऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माती दिलेल्या जागेची जाणूनबुजून विटंबना केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा होतो, पण इथं तसं काहीच नाही आणि शेतकऱ्यावर केस करायची मला इच्छाही नाही.

तुकडेबंदीमुळं तेवढाच एक गुंठा वेगळा काढून नावावर करायला गेलं तर अडतंच. म्हणून वाटणीपत्र, हक्कसोड, खरेदीखत काहीही करताना त्यातच लिहा, समाधी कुठल्या बाजूला, लांबी-रुंदी किती, नांगर कुठपर्यंत, जायची वाट कुठून आणि दिवाबत्ती-डागडुजी कोण बघणार, लेकीचं नाव पण घाला त्यात. मग तो कागद रजिस्टर करा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद मागा. सरकारलाही विनंती आहे, ई-पीक पाहणीत बांधावरचं झाड नोंदवता येतं, विहीर नोंदवता येते, तशी शेतातल्या समाधीची पण सोय करा, ते लिंबाचं झाड मोजलं जातं आणि त्याच्या खालची आमची माणसं नाही.

नवे मालक लिहून द्यायला तयार झालेत, कट्ट्याभोवती दोन हात जागा सोडायची आणि बांधावरून वाट. मृगाच्या पेरणीआधी रजिस्ट्री करून घ्यायची आहे, भावाला रोज फोन करतेय.

– एक वाचक, जि. लातूर