कोणत्या तोंडाने परत येऊ?

रायबंदर, गोवा

चि. बाळास, प्रभू येशूच्या नावाने सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. "इतकी वर्षे देवाचे नावसुद्धा घेतले नाही, मनाला येईल तसा वागलो, आता कोणत्या तोंडाने परत येऊ?" हे तुझे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझ्या वागण्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याआधी या वाक्यामागे देवाविषयीचा जो समज आहे तो मला खोडून काढायचा आहे. माणसाने आधी स्वतःला धुऊन-पुसून, हातात काहीतरी घेऊन दाराशी उभे राहावे आणि मग त्याला आत घ्यायचे की नाही ते देवाने ठरवावे, असे तू धरून चालला आहेस. पवित्र शास्त्रात घडते ते याच्या नेमके उलट, आणि बायबलच्या जुन्या करारातल्या होशेयाच्या पुस्तकात तर ते फारच उघडपणे दिसते.

होशेय हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, उत्तरेकडील इस्राएल राज्यातला संदेष्टा. दुसऱ्या यराबामाच्या काळात तिथे धान्य, द्राक्षारस आणि तेल यांची ददात नव्हती. पण हे सारे बआलाने, म्हणजे आसपासचे लोक पाऊस-पिकांसाठी ज्याला पूजत त्या दैवतानेच, दिले असे समजून लोक त्याच्या भजनी लागले होते. अशा दिवसांत देवाच्या सांगण्यावरून होशेयाने गोमेरशी लग्न केले आणि ती त्याच्याशी एकनिष्ठ राहिली नाही. तिसऱ्या अध्यायात देव त्याला म्हणतो, जा, त्या स्त्रीवर पुन्हा प्रीती कर. तिथे तिचे नाव दिलेले नाही, पण ती गोमेरच असे मी मानते. दुसरी कोणी असती तर बेइमान पत्नी म्हणजे देवाला सोडून गेलेले इस्राएल, या साऱ्या दाखल्याला अर्थच उरला नसता.

त्यानंतरचे वचन सावकाश वाच. होशेयाने तिला पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर सातू देऊन विकत घेतले (शेकेल हे चांदी तोलायचे वजन, होमर हे धान्याचे माप). मोशेच्या नियमशास्त्रात बैलाने कोणाच्या दासाला हुंदडून मारले, तर धन्याला तीस शेकेल भरपाई द्यावी असे सांगितले आहे. त्यावरून, होशेयाजवळ निम्मीच रोकड होती आणि उरलेली किंमत त्याने धान्याने भागवली, असे अनेक भाष्यकार समजतात. सातू म्हणजे गरिबाघरचे धान्य. ज्याची फसवणूक झाली तोच माणूस घरातली चांदी मोजतो, कणगीतले धान्य मापून काढतो आणि जी मुळात आपलीच होती तिची किंमत भरतो. तिने काय दिले? काहीच नाही. ती रडली, पाया पडली की मान खाली घालून नुसती उभी राहिली, याविषयी शास्त्रात एक शब्दही नाही. मला तरी वाटते की तो मुद्दाम गाळला आहे, कारण व्यवहार पुरा व्हायला तिच्या पश्चात्तापाची वाट कोणी पाहिलीच नव्हती.

(हाच अध्याय दाखवून मारझोड सोसणाऱ्या बायकांना 'अजून सोस' असे सांगितलेले मी ऐकले आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. हा अध्याय देवाचे मन दाखवतो, जुलूम करणाऱ्याला परवाना देत नाही.)

पुढे अकराव्या अध्यायात देव बापाच्या भाषेत बोलतो. एफ्राइमाला (हे इस्राएलचेच दुसरे नाव) चालायला मी शिकवले, मी त्याला हातांवर घेतले, असे तो म्हणतो आणि मग त्याच्या मनाची कालवाकालव होते: एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ? तुला पायांवर उभे करताना तुझ्या बाबांची पाठ वाकून जायची, ते मी पाहिले आहे, म्हणून हे वचन मला कोरडेपणाने वाचताच येत नाही. पण देव आपल्यासारखा नाही, हे तोच पुढे सांगतो: मी देव आहे, मनुष्य नव्हे. माणसाच्या मायेला कुठेतरी हद्द असते. इथे ती धरून चालू नकोस.

याचा अर्थ सारे माफ आणि काही भोगावे लागत नाही, असा मात्र नाही. इसवी सनापूर्वी 722 च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली आणि ते राज्य संपले. गोमेरलाही घरी आणल्यावर होशेय सांगतो की तुला पुष्कळ दिवस संयमाने माझ्याजवळ राहावे लागेल. आपल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीत, भरतीच्या पाण्याने बांध फुटला की काय होते ते तुला ठाऊक आहे. बांध एका हंगामात बांधता येतो, मानस (पाणी आत-बाहेर सोडायचे दार) दुरुस्त होते, पण जमिनीत भिनलेले मीठ माणसाच्या हाताने निघत नाही. ते पावसानेच धुऊन जावे लागते, आणि त्यालाही काही पावसाळे जातात, तोवर भात खुरटेच येते. म्हणून दहाव्या अध्यायातले वचन मला जवळचे वाटते: पडीक जमीन नांगरा, परमेश्वराला शोधण्याची वेळ आली आहे, तो येऊन नीतिमत्त्वाची वृष्टी करील. तुझ्या सवयी, तुटलेली माणसे, वाया गेलेली वर्षे यांचे मीठ लगेच उतरणार नाही, आणि तसे झाले नाही म्हणून देवाने तुला घेतले नाही, असे समजू नकोस.

होशेयाने चांदी आणि सातू दिले. आपल्यासाठी काय दिले गेले ते येशूचा शिष्य पेत्र याने लिहून ठेवले आहे: सोने-रुपे अशा नाशवंत वस्तूंनी नव्हे, तर ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने तुम्ही सोडवलेले आहात. आणि प्रेषित पौल सांगतो की आपण पापी असतानाच तो आपल्यासाठी मेला. म्हणजे तू ज्या वर्षांची लाज बाळगतोस, ती जमेस धरूनच ही किंमत भरलेली आहे.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. शेवटच्या, चौदाव्या अध्यायात देव होशेयाच्या तोंडून इस्राएलला म्हणतो, शब्द बरोबर घेऊन परमेश्वराकडे वळा. आणि मग ते शब्दही तोच सांगतो: आमचा सर्व अधर्म दूर कर, आमचा कृपेने स्वीकार कर. लगेच तो उत्तरही देतो की मी त्यांना त्यांच्या वाट चुकण्यापासून बरे करीन, मी त्यांच्यावर मोकळ्या मनाने प्रीती करीन. तुझ्याकडे स्वतःचे शब्द नसतील तर हेच घे. आज रात्री खोलीत एकटा असशील तेव्हा ते मोठ्याने वाच, आणि रविवारी उपासनेनंतर मला फोन कर.

तुझी आई