लाडवांच्या डब्यात प्लग आहे

पलूस, रविवार दुपार

चि. पिंट्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आई, ठेव आता" म्हणतोस, म्हणून कागद घेऊन बसलेय. आत्या उद्या सकाळच्या स्वारगेट गाडीनं निघतेय, तिच्याजवळ हे पत्र आणि डबा देते. डब्यात वर शेंगदाण्याचे लाडू आहेत, खाली बनियनच्या फडक्यात गाडीचा नवा स्पार्क प्लग आणि सोळाचा प्लगपाना. पाना दुकानातला आहे, परत पाहिजे.

शुक्रवारी रात्री दीडला तुझा फोन आला, "गाडी लागेना." कुठं आहेस विचारलं तर "रूमखालीच." मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, "भाऊ, यात एक बिर्याणी कमी आहे." अठरा वर्षं काउंटरवर बसलेय मी. गिऱ्हाईक थापा मारतंय हे आवाजावरून कळतं मला, तू तर पोटचा. पण त्यावर काही बोलायचं नाही असं ठरवलंय. फक्त गाडीचं लिहिते.

तू म्हणालास, प्लग काढून बघितला, ओला होता, पुसून लावला, तरी नाही. हे मी पप्पांना सांगितलं तर ते खाटेवर उठून बसले. "ओला आहे हे बघितलं त्यानं?" दोनदा विचारलं. मग दिवसभर जो येईल त्याला तेच. दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं, पोरगा अंधारात प्लग वाचतो म्हणून.

प्लग ओला म्हणजे पेट्रोल येतंय. म्हणजे कॉक, टाकी, पाइप हे बघण्यात वेळ घालवू नकोस. (कोरडा असता तर आधी कॉक रिझर्व्हला, मग टाकीचं झाकण उघडून बघायचं. झाकणाची हवेची भोकं बुजली की पेट्रोल खाली उतरत नाही, झाकण काढलं की फुस्स होतं आणि गाडी लागते. पप्पांनी अशा किती गाड्या फुकट चालू करून दिल्यात.) आता इथून पुढं आमचं भांडण आहे. पप्पा म्हणतात कार्बोरेटर, फ्लोटची पिन अडकलीय, पेट्रोल जास्त येऊन ओव्हर होतंय. मी म्हणते करंट, म्हणजे प्लगची ठिणगी. तू दोन्ही बघ आणि कोण जिंकलं ते कळव.

आधी सांग, चोक ओढून किती किका मारल्यास? तुझी सवय माहितीये मला. तसं असेल तर आत पेट्रोल साठलंय. चावी बंद कर, चोक बंद, प्लग बाहेर, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका मार, आतलं उडून जाईल. हे करताना बिडी-काडीवाला कुणी जवळ नको.

मग करंट. प्लग कॅपमध्ये बसव, त्याची आट्याची बाजू इंजिनाच्या हेडला टेकव, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. धरायचं ते कॅपच्या रबराला. चावी चालू करून दुसऱ्याला किक मारायला सांग. निळी ठिणगी कट् कट् वाजत पडली तर पप्पा जिंकले. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही तर मी. मग डब्यातला प्लग लाव. गॅप मी गेजनं ०.६ करून दिलाय, ठोकून बघू नकोस. नवीनलाही करंट नाही आला तर प्लगकॅप फिरवून वायरवरून काढ. आत पावसाचं पाणी नाहीतर हिरवं चढलेलं दिसेल. वायरचं टोक नखाएवढं कापून कॅप परत पिळून बसव. तुझ्या शहरातल्या पावसात हेच झालं असणार, मी पैज लावते.

आणि तू झोपतोस किती वाजता?

पप्पांचंही लिहिते, नाहीतर रुसतील. कार्बोरेटरच्या बाऊलला खालून स्क्रू आहे, तो सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल घे आणि पाच मिनिटं ठेव. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी गेलंय. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. गाडी रात्रंदिवस पावसात उभी असते ना तुझी? झाकणाचं रबर १९९९ चं आहे, गाडीइतकंच. तीनदा पासिंग करून आणली आपण, रबर कुणी बदललं नाही. दुकान आपलंच असून.

पिंट्या, सकाळी सहाला लायब्ररीत जागा धरायला जातो म्हणतोस. रात्री दीडला गाडीवर. मग झोप बसवतोस कुठं? पैसे कमी पडत होते तर सांगायचं होतंस. मामांनी मेसचं बघितलं असतं. आणि तुला कमीपणा वाटत असेल तर वाटू देऊ नकोस, घरोघरी जेवण पोचवण्यात काय कमीपणा. मी तेलकट हातांनी पैसे मोजलेत. पण परीक्षेचं वर्ष आहे, जागरणानं डोकं चालत नाही, आणि पावसात... झालं बघ सुरू माझं. एवढं एक पान गाडीचंच लिहायचं होतं. माफ कर.

तासगावच्या त्या रात्रीही प्लगच होता. तू आजीकडं होतास. बेदाण्याचा हंगाम, टेम्पोवाल्याचा फोन, आणि हीच गाडी लागेना. मी प्लग काढला, पॉलिश पेपर मारला, ब्रशनं झटकला, बसवला. एका किकला लागली. पप्पा म्हणाले, "हात आहे तुझा." दोन दिवस पाठ टेकली नव्हती त्यांनी. डोळे लाल. मला दिसत होतं, आणि मी प्लगला पॉलिश पेपर मारत बसले होते. टाकीवरचा पोचा तू विचारायचास तेव्हा दगड उडाला म्हणायचे मी.

त्यांना अजून किक मारता येत नाही. उजव्या पायातला रॉड थंडीपावसात ठणकतो. म्हणून तर तुला दिली गाडी. तू पहिल्यांदा घेऊन गेलास तेव्हा ते रस्त्यापर्यंत आले होते, आवाज संपेपर्यंत उभे होते. टॅपेट जरा वाजतंय म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत.

आत्ता विचारतायत, एवढं काय लिहितेस. प्लगचं, म्हटलं.

लाडू रूमवरच्या पोरांना दे, पण सगळे देऊ नकोस. आत्याला स्टँडवर घ्यायला गाडीवर जाऊ नकोस, तिला रिक्षा कर. तुझं औषधाचं पाकीट इथंच राहिलंय, तेही पाठवलंय.

आणि हे गाडीचं काम दिवसा कर. रात्रीचा फेरा असलाच तर, असलाच तर म्हणते, डोळा मिटायला लागला की थांब. टपरी असेल, पंप असेल, कुठंही. उशीर झाला म्हणून पैसे कापले तर कापू देत.

तुझी,
आई

ता. क. पप्पा सांगतायत, गाडी लागली की नुसता मिस्ड कॉल दे. कितीही वाजलेले असोत, जागे असतात ते.