वही बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. चार महिने वजनकाटा जागचा हललेला नाही, कमरेचा पट्टा त्याच भोकात अडकलाय, आणि म्हणून तू ठरवलंयस की दोन महिने वजनं बंद, रोज तासभर धावायचं, आधी चरबी उतरवायची आणि मग पुन्हा लोखंडाला हात लावायचा. शेवटी विचारलंयस, तुझं काय मत? माझं मत ठाम आहे. वजनं बंद करू नकोस. कार्डिओ, म्हणजे चालणं, धावणं, सायकल असा दमाचा व्यायाम, जरूर सुरू कर, अगदी या आठवड्यापासून, पण वजनांच्या जोडीला.

मी ऐकीव सांगत नाहीये. तीन वर्षांपूर्वी आपण बऱ्याच दिवसांनी भेटलो तेव्हा तू मला पाहून पहिलाच प्रश्न केलास, ‘आजारी होतास का?’ मी विषय बदलला होता. खरं ते आज लिहितो. तुझ्यासारखाच तेव्हा मी अडकलो होतो आणि तुझ्यासारखंच ठरवलं होतं. सकाळी एक तास धावणं, जेवण निम्म्यावर, आणि वजनं आधी आठवड्यातून एकदा, मग नाहीच. अकरा आठवड्यांत नऊ किलो उतरले. काट्यावर उभा राहिलो की बरं वाटायचं. पण आरशासमोर उभा राहिलो की दंड आणि मांड्या गेलेल्या दिसायच्या, आणि पोट, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते सैल होऊन तिथेच. नडगीच्या आतल्या बाजूला अशी दुखरी रेघ उठली की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे.

मग जिमला परतलो. उचललेल्या वजनांचे आकडे लिहायची माझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुला माहीत आहे. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं तर तिथे स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा, 100 किलो, पाच रेप्स, तीन सेट; पाच-पाच उठाबशा तीनदा. त्या दिवशी 70 किलो लावले आणि तिसऱ्या रेपला खाली बसलो ते उठताना पाय थरथरायला लागले. बार रॅकवर ठेवला आणि बराच वेळ ते पान नुसतं बघत बसलो. पुढे उतरलेलं वजन चार-पाच महिन्यांत परत आलं. 100 किलो परत यायला मात्र वर्ष उलटून गेलं. म्हणून तुझं पत्र वाचून गप्प बसवलं नाही.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. खर्चापेक्षा कमी खाल्लं की शरीर साठ्यातून उचल करतं. पण ते फक्त चरबीतून उचलत नाही, स्नायूही मोडून खातं. ज्या स्नायूवर रोज ओझं पडतंय तो ते सहसा राखतं. ज्याला काम उरलेलं नाही, त्याला पोसायची गरज शरीराला वाटत नाही. कमी खाण्याच्या दिवसांत वजनांचं काम हेच, आहे तो स्नायू वाचवणं. त्यांनी कॅलरी फारशा जळत नाहीत म्हणून ती सोडावीत, हा हिशेबच मुळात चुकतो. जोडीला प्रथिनं हवीत, शरीराच्या दर किलोमागे दीड ते पावणेदोन ग्रॅम. तुझ्या 80 किलोंना रोज 130 ग्रॅमच्या आसपास. तू किती घेतोस ते पत्रात लिहिलेलं नाहीस, तेव्हा कमीच पडत असणार असं मी धरून चाललोय.

तुझ्या बाजूचंही सांगतो, कारण ते खरं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. वजन जास्त असलेली, व्यायामाची सवय नसलेली माणसं आठ महिने तीन गटांत: कुणी फक्त कार्डिओ, कुणी फक्त वजनं, कुणी दोन्ही. चरबी कार्डिओवाल्यांची आणि दोन्हीवाल्यांची जास्त उतरली, नुसत्या वजनवाल्यांची नाही. म्हणजे फक्त वजनं उचलून पोट जात नाही ही तुझी तक्रार रास्त आहे. पण स्नायू वाढले ते वजनं उचलणाऱ्यांचेच. तुला चरबी घालवायचीय आणि इतक्या वर्षांची ताकद ठेवायचीय, म्हणजे दोन्ही लागणार.

प्रश्न उरतो तो किती आणि कुठला याचा. इथे मला संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा 1980 चा प्रयोग नेहमी आठवतो. एक गट आठवड्यातून पाच दिवस जोरदार वजनं मारणारा, दुसरा सहा दिवस सायकल आणि धावणं करणारा, तिसरा दोन्ही पूर्णच्या पूर्ण करणारा. दहा आठवड्यांचा प्रयोग. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला पहिल्या गटाच्या बरोबरीने चढत गेली, सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली. लोक यावरून ‘कार्डिओ स्नायू खातो’ असं सांगत सुटतात. पण अरे, आठवड्याचे ते अकरा व्यायाम मोज ना! माणसाला सावरायला वेळच उरला नव्हता. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की आड येतं ते मुख्यतः प्रमाण: किती दिवस, किती वेळ. आणि धावणं सायकलपेक्षा जास्त आड येतं, कारण प्रत्येक पावलाला जमिनीचा दणका बसतो आणि त्याच मांड्या दुसऱ्या दिवशी बारखाली उभ्या करायच्या असतात.

म्हणून धावण्याचा हट्ट सोड. तुझ्यासाठी मला चढावरचं चालणं पटतं. ट्रेडमिलवर ताशी 5 किलोमीटर, 6 टक्के चढ, अर्धा तास. तू 80 किलोचा आहेस. सपाटीवर याच वेगाने अर्धा तास चाललास तर साधारण 140 कॅलरी लागतात, त्यातल्या 40 तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या. म्हणजे निव्वळ 100. तेच 6 टक्के चढावर सुमारे 240, निव्वळ 200. तेवढाच वेळ, गुडघ्यांना दणका नाही, आणि कमाई दुप्पट.

एकच अट, पुढचा दांडा धरायचा नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या जिममध्ये रोज बघतो. माणूस 12 टक्के चढ लावतो, दांडा दोन्ही हातांनी घट्ट पकडतो आणि मागे रेलून लटकतो. शरीर पट्ट्याशी काटकोनात, म्हणजे चढ नसल्यासारखंच. मनगटं पांढरी पडलेली असतात, पायांवर भारच नसतो, आणि समोरचा आकडा मात्र धावत असतो. चढ कमी कर, हात मोकळे सोड, कोपरातून झुलू दे. दहाव्या मिनिटाला पोटऱ्या आणि पार्श्वभाग तापल्यासारखे वाटले की समज, चढ खरोखरच चढतोयस.

आणि त्या समोरच्या आकड्यावर जेवण ठरवू नकोस. मनगटावरच्या घड्याळावरही नको. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने 2017 मध्ये सात मनगटी उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात अचूक उपकरणसुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं. ‘आज 500 जाळल्या’ म्हणून 500 खाल्ल्या की झालं, सगळं मुसळ केरात.

आता एक कडवट हिशेब, तो आधीच कळलेला बरा. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. आठवड्यातून चार वेळा 200, म्हणजे 800. नुसत्या या चालण्यावर एक किलो उतरायला साडेनऊ-दहा आठवडे. मोठं काम जेवणातूनच होणार. जेवणात रोज 400 कॅलरी कमी केल्यास तर आठवड्याच्या 2,800, त्यात या 800 मिळवल्या की 3,600. म्हणजे आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. कमी वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण हाच वेग ताकद शाबूत ठेवून झेपतो. माझे ते नऊ किलो याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने गेले होते, आणि त्यात काय काय गेलं ते वर लिहिलंच आहे.

मग 200 कॅलरींसाठी एवढी यातायात कशाला, असं म्हणशील. एक तर जेवण आणखी कापावं लागत नाही, आणि भुकेल्या पोटी वजनं उचलणं किती जड जातं ते तुला माहीत आहे. आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तुझ्याच पत्रात आहे, तू सहज लिहून गेलास, की दोन जिने चढल्यावर बोलता येत नाही. 120 किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार, उचलणाऱ्या माणसाला दोन जिन्यांत धाप लागते, याची मला पोटाच्या घेरापेक्षा जास्त काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा. तुझा दुसरा भाग भरभक्कम आहे, पहिला रिकामा. चार वेळा अर्धा तास म्हणजे 120 मिनिटं. बाकीची 30 जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालून निघतील.

वजनं आधी, चालणं नंतर. ताज्या पायांवर बार, थकलेल्या पायांवर पट्टा. उलट केलंस तर पहिल्या सेटलाच जाणवेल. वेगळ्या दिवशी जमलं तर उत्तमच, फक्त लेग डेच्या, म्हणजे पायांच्या वजनांच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दमवणारं काही करू नकोस. सुरुवातीला दोनच दिवस, 20 मिनिटं. दोन आठवड्यांनी तिसरा, मग चौथा. वेग ठरवायला यंत्र लागत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. बस, तोच वेग.

त्या झटपट इंटरव्हलविषयी, म्हणजे थोडा वेळ जोर, थोडी विश्रांती असल्या व्यायामाविषयी, विचारलं होतंस, चार मिनिटांत तासाभराचं काम म्हणे. 1996 चा जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा प्रयोग खरा आहे, 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद थांबा, सात-आठ फेऱ्या. पण तो सायकलवरचा होता, सहन होणार नाही इतक्या जोराचा, आणि मोजली होती ती दमाची क्षमता, चरबी नव्हे. व्यायाम संपल्यावरही शरीर जळत राहतं म्हणतात तेही खरं, फक्त ते थोडंसंच. आठवड्यातून एकदा, सायकलवर, दोन महिन्यांनंतर बघू. आत्ता नको.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. धावायच्या त्या दिवसांत मी उरलेला दिवस आडवा असायचो. फोन बसून, लिफ्टने वर, पाणीसुद्धा दुसऱ्याला आणायला सांगायचो. व्यायामाबाहेरची ही हालचाल माणसामाणसात फार वेगळी असते आणि न कळत घटते. कार्डिओने कमावलेलं असंच सांडतं. दिवसाची पावलं मोजून ठेव, कार्डिओच्या दिवशी ती घटत नाहीत एवढंच बघ.

पहिल्या दोन आठवड्यांत काटा वर गेला तरी घाबरू नकोस. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरून ठेवतात. रोज सकाळी वजन कर, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची कर, आणि बेंबीच्या पातळीवर टेप लाव. खरा पहारेकरी मात्र तुझी वही. स्क्वॉट, बेंच (आडवं पडून बार वर ढकलणं), डेडलिफ्ट, या तिघांचे आकडे जागेवर आहेत आणि कंबर उतरतेय, तर काहीही बदलू नकोस. आकडे दोन आठवडे सलग घसरले, तर आधी झोप आणि प्रथिनं बघ, मग एक दिवस कार्डिओ कमी कर. वजनांच्या सेटना हात लावायचा तो अगदी शेवटी.

आणि सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. तुझ्या वडिलांचं हृदयाचं दुखणं मी विसरलेलो नाही. रक्तदाब तपास, त्या धापेबद्दल स्पष्ट सांग, ‘वजन वाढलंय म्हणून असेल’ असं आपणच ठरवून गप्प राहू नकोस. चढावर छातीत दडपण आलं, चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांब आणि मला नंतर कळव, आधी त्यांना.

सोमवारपासून मीही तुझ्याबरोबर हेच धरतोय, 20 मिनिटं, दोन दिवस. तुझ्या वहीचं आजचं पान, तिन्ही आकडे आणि कमरेचं माप, फोटो काढून पाठव. माझं मी या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. चार आठवड्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून बोलू.

तुझाच,
जुना जोडीदार